मी घुमी आहे, पुण्यात माझं कसं व्हायचं?

प्रश्न : मॅडम, मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून घरच्यांनी पुण्याला एफवाय बीएस्सीला घातलं. हॉस्टेलवर राहते. वर्गात कुणाशीच माझं बोलणं होत नाही. ‘काय करायलीस?’ म्हटलं की रूममधल्या मुली हसतात. वाईट मनाने नाही, पण मग माझं तोंडच बंद होतं. केमिस्ट्रीच्या व्हायवाला उत्तर येत असूनही आवाज फुटत नाही, सर पुढच्या मुलीकडे वळतात. मेसमध्ये गर्दी ओसरल्यावर जाते. आई म्हणते, तू लहानपणापासून घुमीच. जो तो सांगतो, बोलायला शीक. दिवाळीला घरी गेले की परत येऊच नये, तालुक्याच्या कॉलेजात नाव घालावं असं वाटतं. काय करू? – एक विद्यार्थिनी

उत्तर : ‘बोलायला शीक’ म्हणणाऱ्यांना एकदा विचार, कुणाशी बोलू आणि काय बोलू? त्यांना सांगता यायचं नाही. मी नोकरीभर केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घेतली. दर वर्षी हेच बघायची : बोलकी पोरं पहिल्याच आठवड्यात दहा जणांच्या गळ्यात पडतात आणि दिवाळीपर्यंत त्यातले निम्मे एकमेकांना ओळख देत नाहीत. घुम्या मुलांचं कँटीनमध्ये जमत नाही. त्यांचं जमतं ते लॅबमध्ये, ब्युरेटपाशी, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायच्या नळीपाशी.

बॅच रोल नंबरने पडते. म्हणजे दर आठवड्याला तोच बाक, तीच शेजारीण. टायट्रेशन करताना, म्हणजे एका द्रावणात दुसरं मोजून सोडताना, एका थेंबाने फ्लास्क फिकट गुलाबी झाला की नळ बंद करायचा आणि रीडिंग लिहायचं. त्या वेळी अख्ख्या लॅबमध्ये एकच प्रश्न फिरत असतो, ‘तुझं किती आलं?’ तोच तू विचार. त्याला ओळख लागत नाही, हजरजबाबीपणा लागत नाही. तिचं 9.8 आणि तुझं 10.4 आलं, तर पुढची दहा मिनिटं बोलायला विषय मिळाला : पिपेट कुणी नीट धुतली नाही, थेंब कुणाचा जास्त पडला. दोन रीडिंग जुळेपर्यंत दोघींनाही तिथून हलता येत नाही. पुढच्या आठवड्यात ती स्वतःहून विचारेल. नाही विचारलं तर तू परत विचार, रीडिंग काय दर वेळी नवंच असतं.

व्हायवात तुझा लाजाळूपणा आड येतो असं मला वाटत नाही. आपण मनात वाचतो. ती इंग्रजी उत्तरं आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढायची, तीही थेट सरांसमोर, मग आवाज कसा फुटणार? प्रयोगाचा उद्देश, तत्त्व आणि रिॲक्शन आदल्या रात्री मोठ्याने म्हण. गच्चीवर कपडे वाळत घालताना म्हण, कुणी बघितलं तर बघू दे. जर्नलवर सही घ्यायला जाशील तेव्हा सरांना सांग, ‘सर, उत्तर येतं, पण मला जरा वेळ लागतो.’ तेवढंही जमत नसेल तर चिठ्ठी लिहून जर्नलमध्ये ठेव. माझ्याकडे अशा चिठ्ठ्या यायच्या. मग त्या मुलीला मी शेवटी थांबवायची, बाकीच्या पांगल्यावर. एखादा मास्तर खडूस निघतो, त्याला इलाज नाही.

मेसचं मात्र बदल. गर्दी ओसरल्यावर गेलं की रोज वेगळी माणसं, शिवाय भाजी गार. ठरलेल्या वेळी जा, चेहरे ओळखीचे होतात. पुण्यात रविवारी संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, आणि परगावच्या पोरांना घरची आठवण नेमकी तेव्हाच येते. रूममधल्या मुलींना दुपारीच विचारून ठेव, ‘संध्याकाळी कुठे जेवणार? मी येऊ?’ नाही म्हणणारी मुलगी मला तरी भेटलेली नाही. जेवताना गप्प बसलीस तरी चालेल, गप्पा मारायला बाकीच्या आहेत. आणि ‘करायलीस’ बिनधास्त म्हण. त्यांना आठ दिवसांत सवय होईल, महिन्याभरात त्याच म्हणायला लागतील.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासला पैसे घालू नकोस. त्याऐवजी कॉलेजातल्या एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेट आणि यंदा जागा आहे का विचार. नसली तर पुढच्या वर्षी नाव घाल. ही योजना 1969 पासून चालू आहे. वर्षाला 120 तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. एखाद्या खेड्यात जाऊन बंधारा नाहीतर रस्त्याची डागडुजी करायची, स्वयंपाकही गटागटाने. तिथे भाषण कुणी मागत नाही. घमेलं पुढे करायचं आणि पुढचीच्या हातात द्यायचं. चुलीवर भाकरी थापायची वेळ आली की शहरातल्या पोरी तुझ्याकडेच बघतील. (मीही बघितलं असतं. मला गॅसवरची जमते, चुलीवरची करपते.)

हे सगळं लाजाळू मुलीसाठी. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते वेगळं आहे, त्यावर माझ्या युक्त्या चालवू नकोस. 14416 ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे. फोन कधीही करता येतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरीही स्पष्ट सांग.

कॉलेज बदलायचा निर्णय दिवाळीत, आईच्या हातचं खाऊन झाल्यावर घेऊ नकोस. पहिल्या सेमिस्टरचा निकाल हातात येऊ दे. तेव्हाही जावंसं वाटलं तर खुशाल जा. तालुक्याच्या कॉलेजातून एमएस्सीला आलेली चांगली पोरं मी पुष्कळ शिकवली आहेत. फक्त तोंड उघडायला नको म्हणून जाऊ नकोस, व्हायवा तिकडेही घेतात.