रॅकचा वाकलेला खांब: सरळ करायचा की बदलायचा?

प्रश्न: भिवंडीत आमचं गोडाऊन आहे, फोर्कलिफ्ट धडकून पॅलेट रॅकचा एक खांब खालून वाकलाय. फॅब्रिकेटर म्हणतो गॅसने तापवून ठोकून देतो, स्वस्तात होईल. करू का?

उत्तर: नका करू, प्लीज. हे खांब पातळ पत्रा थंडच वाकवून बनवतात, तापवून ठोकला की दिसायला सरळ होईल पण ताकद किती उरली ते कुणीच सांगू शकणार नाही, आणि वर टनांनी माल, खाली तुमची माणसं. आधी मोजा. १ मीटरची सरळ पट्टी वाकलेल्या भागाला लावा आणि मधली फट बघा. ईएन १५६३५ या युरोपियन स्टँडर्डप्रमाणे बीमच्या (माल ज्यावर ठेवतात त्या आडव्या दांड्यांच्या) दिशेने ५ मिमी, ब्रेसिंगच्या (पुढचा-मागचा खांब जोडणाऱ्या पट्ट्यांच्या) दिशेने ३ मिमीपर्यंत चालतं. त्याच्या वर गेलं तर दुरुस्ती लवकर लावा आणि तिथला माल एकदा काढला की परत भरू नका, दुप्पट झालं तर आजच्या आज उतरवा. चीर दिसली तर मोजत बसूच नका, लगेच माल उतरवा. मग खांब बदला, त्याच कंपनीचा, किंवा त्यांनी मान्य केलेलं रिपेअर किट. वाकलेला बीम असेल तर सरळ नवीनच टाका. आणि कोपऱ्यातल्या खांबांना गार्ड बसवून घ्या, धडक जास्त तिथेच बसते.