'व्हायोलेट एव्हरगार्डन': चित्रपटाआधी मालिका बघ

थेट चित्रपट लावू नकोस, एवढं ऐकलंस तरी पुरे. २०२० चा हा १४० मिनिटांचा जपानी अ‍ॅनिमेशन चित्रपट म्हणजे २०१८ च्या १३ भागांच्या मालिकेचा खराखुरा शेवट. युद्धाखेरीज काही न शिकलेली व्हायोलेट नावाची मुलगी इतरांसाठी पत्रं लिहू लागते, कारण सैन्यातला तिचा वरिष्ठ, मेजर गिल्बर्ट, याच्या शेवटच्या शब्दांचा अर्थ तिला कळत नसतो. तिची ती धडपड मालिकेत सोबत जगली असशील, तरच शेवट भिडतो.

नवखे बहुधा इथे चुकतात:

- तिसऱ्या-चौथ्या भागाला 'फारच संथ' म्हणत सोडून देतात. सातव्यापर्यंत दम धर.
- दहावा भाग जेवता जेवता मोबाईलवर उरकतात. कृपा करून असं करू नकोस! आजारी आई आणि छोटी अ‍ॅन यांचा हा भाग नीट बसून बघ. चित्रपट सुरूच मुळी त्या घरात होतो, दोन पिढ्यांनंतर. पुढचं सांगत नाही.
- शेवट आधीच कुठेतरी वाचून येतात.

आवाज जपानीच ठेव, खाली सबटायटल्स. व्हायोलेटला आवाज देणाऱ्या युई इशिकावाचा सपाट, हुकूम पाळणारा आवाज भागागणिक हळूहळू बदलत जातो आणि चित्रपटातलं निम्मं काम तोच करतो. २०१९ चा दुसरा चित्रपट ही बाजूची गोष्ट आहे. वेळ असला तर मालिकेनंतर बघ, नाहीतर राहू दे.

शेवट जरा गोड केलाय अशी तक्रार ऐकशील. मला तो पटतो. बघून झालं की तुझं मत सांग.