ओव्हरफ्लो, बायपास आणि ‘३० ची मर्यादा’: मलजलाच्या परवान्यातले शब्द

प्रश्न थोडक्यात असा: मैलापाणी शुद्धीकरण केंद्राचा परवाना आणि मासिक अहवाल मराठीत आणायचं काम तुमच्या गटाने अंगावर घेतलंय आणि चार ठिकाणी अडलंय. ‘इन्फिल्ट्रेशन’ आणि ‘इन्फ्लो’ दोन्हींना ‘झिरपणं’ चालेल का? ‘ओव्हरफ्लो’ आणि ‘बायपास’ एकच ना? बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन पितात, त्या मापाची) मर्यादा ३० असताना एका दिवशी ४२ आलाय, म्हणजे नियम मोडला का? आणि ‘सिवेज’ला सांडपाणी म्हणायचं की मैलापाणी?

मी अशाच एका केंद्राच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली, पुढे हे अहवाल भरायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. म्हणून आधी एक सांगतो. शब्दकोश घेऊन बसू नका. या परवान्यांतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात एक जागा किंवा एक कालावधी दडलेला असतो. पाणी कुठून निघालं, कुठे मोजलं, किती वेळाची सरासरी धरली, हे कळल्याशिवाय मराठी शब्द निवडलात तर वाक्य वाचायला छान होईल आणि अर्थ हातचा जाईल.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो सोपा वाटतो आणि तोच सगळ्यांना पाडतो. मराठीत ‘गटार’ हा शब्द आपण वाटेल त्याला वापरतो. रस्त्याकडेने पावसाचं पाणी नेणारं तेही गटार, घराघरांतून मैला नेणारी जमिनीखालची लाइन तीही गटार, आणि दोन्ही पोटात घेऊन वाहणारा नालाही गटारच. नियमांत मात्र या तिघांना तीन वेगळी कलमं लागतात. मी असं लिहितो: न्हाणी-मोरीचं पाणी ते सलेज, त्यात शौचालयाचं मिसळलं की मैलापाणी किंवा मलजल, आणि कारखान्यांसकट सगळ्या वापरून टाकलेल्या पाण्याला मिळून सांडपाणी. पावसाचं पाणी यात कुठेच येत नाही, ते ‘पावसाचं पाणी’च. ‘इन्फ्लुएंट’ म्हणजे आत येणारं, ‘एफ्लुएंट’ म्हणजे बाहेर पडणारं. एफ्लुएंटचं भाषांतर सरसकट ‘शुद्ध केलेलं पाणी’ करू नका. कारखान्याच्या पाइपातून कच्चंच बाहेर पडलं तरी ते एफ्लुएंटच असतं.

लाइन स्वतंत्र आहे की एकत्रित, हे परवान्याच्या पहिल्या पानांवरच सापडेल, तिथे बोट ठेवून मग पुढे जा. जुन्या शहरांत एकत्रित लाइन असतात, म्हणजे पाऊस आणि मैला एकाच नळीत. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने लंडनची संसद हैराण झाली, त्यानंतर अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी उभारलेली व्यवस्था याच प्रकारची. मोठा पाऊस झाला की जादा पाणी नदीत सोडायची तोंडं तिच्यात मुद्दामच ठेवलेली होती. ती तोंडं आवरायला लंडनला आता थेम्सखाली सुमारे २५ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला.

आता ओव्हरफ्लो आणि बायपास. दोन्हींत कच्चं किंवा अर्धवट शुद्ध पाणी बाहेर जातं, म्हणून वर्तमानपत्रं दोन्हींना ‘नदीत सांडपाणी सोडलं’ म्हणून मोकळी होतात. पण ओव्हरफ्लो होतो तो लाइनमध्ये, केंद्राच्या अलीकडे: मॅनहोलमधून, पंपिंग स्टेशनच्या विहिरीतून. बायपास होतो तो केंद्राच्या आत, एखादी टाकी किंवा प्रक्रिया टाळून पाणी पुढे काढलं जातं तेव्हा. अमेरिकी नियमांत बायपासच्या व्याख्येत ‘जाणूनबुजून’ ही अट आहे. कोणीतरी झडप फिरवलेली असते. ती फिरवणं माफ होतं ते जीवितहानी, इजा किंवा मालमत्तेचं गंभीर नुकसान टाळायला दुसरा उपायच नव्हता, हे दाखवता आलं तर. वर कळवण्याचीही अट असते. याउलट कोणाच्या हातात नसलेल्या कारणाने प्रक्रिया तात्पुरती कोलमडली आणि मर्यादा ओलांडली, तर त्याला ‘अपसेट’ म्हणतात. मराठीत मी ‘प्रक्रिया बिघडणे’ लिहितो. पण देखभाल न केल्याने बिघडली तर तो अपसेट नाही, हे त्या व्याख्येतच लिहिलेलं आहे, तेवढं भाषांतरातून गाळू नका.

ओव्हरफ्लोतही दोन जाती आहेत. एकत्रित लाइनचा ओव्हरफ्लो पावसात होणं गृहीत धरून त्याला अटी घातलेल्या असतात. स्वतंत्र मैला लाइनचा ओव्हरफ्लो बहुतेक वेळा सरळ नियमभंग असतो, कारण त्या लाइनमध्ये पावसाचं पाणी यायलाच नको होतं. ‘ओसंडणे’ हा एकच शब्द दोन्हींना लावलात तर वाचणाऱ्याला ही भानगड कधीच कळणार नाही. ‘एकत्रित लाइनचे ओसंडणे’ आणि ‘मैला लाइनचे ओसंडणे’ असं पूर्ण लिहा, लांब झालं तरी चालेल.

मग स्वतंत्र लाइनमध्ये पावसाचं पाणी येतं कुठून? इथेच तुमचा पहिला प्रश्न येतो आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा तोच आहे. इन्फिल्ट्रेशन म्हणजे भूजल. नळीचे सांधे सैल झालेत, वीटकामाच्या जुन्या मॅनहोलला भेगा आहेत, झाडाची मुळं आत घुसलीत, तिथून ते हळूहळू येतं. त्याला झिरपणं म्हणा. इन्फ्लो म्हणजे थेट घुसलेलं पाणी: गच्चीचा पन्हाळी पाइप कोणीतरी मैला लाइनला जोडलाय, मॅनहोलचं झाकण खोलगट जागी आहे आणि त्याच्या भोकांतून तळं आत रिकामं होतंय, पावसाची लाइन चुकून मैला लाइनला जोडली गेलीय. त्याला ‘थेट शिरकाव’ म्हणा.

कागदावर हा फरक बारीक दिसतो, प्रवाहाच्या आलेखावर डोळ्यांत भरतो. थेट शिरकाव असेल तर पाऊस सुरू झाल्यावर थोड्याच वेळात रेघ उभी चढते आणि पाऊस थांबला की तशीच खाली येते. झिरपा असेल तर रेघ सावकाश वर येते आणि आभाळ निवळून कित्येक दिवस झाले तरी खाली बसत नाही. झिरपा शोधायचा तर पहाटे तीनच्या सुमारास मॅनहोल उघडून बघायचं. गाव झोपलेलं, नळ बंद, लाइनमध्ये नुसती ओल असायला हवी. आणि तुम्ही बॅटरी मारलीत की तळाशी स्वच्छ, जवळजवळ वास नसलेलं पाणी खळखळत वाहताना दिसतं. ते कोणाच्याच घरचं नसतं. थेट शिरकावासाठी धूर चाचणी. मॅनहोलमधून निरुपद्रवी धूर आत फुंकायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघत हिंडायचं. एखाद्या बंगल्याच्या पन्हाळीतून धूर निघायला लागला की मालक धावत बाहेर येतो, आणि पुढची चर्चा आपोआप सुरू होते.

या घुसलेल्या पाण्याचं एक उपकथानक अहवालात सापडेल. अमेरिकेत द्वितीय स्तराच्या शुद्धीकरणाला (जिवाणूंकरवी घाण खाववण्याच्या टप्प्याला) बाहेरच्या पाण्यात ३० मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहेच, शिवाय आत आलेल्यापैकी ८५ टक्के बीओडी काढला पाहिजे अशीही अट आहे. नेहमीच्या घरगुती मैलापाण्याचा बीओडी २०० च्या वर असतो, तेव्हा दोन्ही अटी एकत्रच पाळल्या जातात. पण झिरप्याने पातळ होऊन तोच १२० वर आला आणि बाहेर २५ गेला, तर मर्यादा पाळली, आणि टक्केवारी मात्र फक्त ७९. केंद्र नापास. दोष केंद्राचा नाही, दहा किलोमीटर मागच्या फुटक्या सांध्याचा आहे. ही अट असते ती नेमकी यासाठीच, नाहीतर पाणी ओतून आकडा खाली आणणं कोणालाही जमेल. म्हणूनच काही परवान्यांत सांद्रतेशेजारी (लिटरमागे किती मिलिग्रॅम, त्याशेजारी) रोजचे किलोही दिलेले असतात. हिशोब सोपा आहे: मिलिग्रॅम प्रति लिटर गुणिले एमएलडी (दिवसाला किती दशलक्ष लिटर). १० एमएलडी आणि ३० म्हणजे दिवसाला ३०० किलो. पातळ करून किलो कमी होत नाहीत.

आता तो ४२. लगेच बोंब मारू नका, आधी ३० शेजारी काय लिहिलंय ते बघा. अमेरिकी मानकात ३० ही ३० दिवसांची सरासरी आहे आणि ७ दिवसांच्या सरासरीला ४५ ची मुभा आहे. त्या चौकटीत एका दिवसाचा ४२ स्वतःहून काहीच सिद्ध करत नाही. परवान्यात ‘दैनिक कमाल’ असा वेगळा रकाना असेल तरच तो आकडा एकटा पकडता येतो. युरोपच्या १९९१ च्या निर्देशात मर्यादा २५ होती, पण हिशोब सरासरीचा नव्हता. वर्षभरात घेतलेल्या नमुन्यांपैकी ठरावीक संख्येने नमुने चुकले तरी चालायचं, फक्त चुकलेला नमुना मर्यादेच्या दुपटीपुढे जाता कामा नये. त्या हिशोबात ४२ हा ‘चुकलेला, पण मोजणीत बसणारा’ नमुना. आकडा तोच आणि निकाल वेगळा, कारण कालावधी वेगळा.

ही मानकांची भाषा जुनी आहे. ब्रिटनच्या शाही आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात बीओडी २० आणि निलंबित घनपदार्थ (पाण्यात तरंगत राहिलेले बारीक कण) ३० असं सुचवलं, ते जगभर पाठ झालं. पण नदीत किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळायला हवं, ही त्याच्या पोटातली अट बहुतेकांनी वाटेतच सांडली.

४२ कशाचा आहे तेही बघा. बीओडीची चाचणी म्हणजे ३०० मिलिलिटरची काचेची बाटली, बुचाखाली एकही बुडबुडा नको, कडेला पाण्याची सीलबंदी, आणि २० अंशांवर पाच दिवस अंधारात. अंधार अशासाठी, की शेवाळं उजेडात ऑक्सिजन सोडतं आणि हिशोब बिघडवतं. म्हणजे हा आकडा कायम पाच दिवस शिळा असतो. त्यातून गंमत अशी, की केंद्र फार चांगलं चालत असेल तर बाहेरच्या पाण्यात अमोनिया खाणारे जिवाणू येतात आणि बाटलीत बसून तेही ऑक्सिजन पितात. मग चांगल्या पाण्याचा बीओडी वाईट दिसतो. ते जिवाणू औषधाने दाबून मोजलं की सीबीओडी मिळतो. दोन्हींना एकच मराठी शब्द देऊ नका, मर्यादाही वेगळ्या असतात. अमेरिकेत सीबीओडीला ३० ऐवजी २५ आहे.

नमुन्याचा प्रकारही वाचा. ‘ग्रॅब’ म्हणजे एका क्षणी भरलेली बाटली. ‘कंपोझिट’ म्हणजे २४ तास थोडं थोडं, शक्यतो प्रवाहाच्या प्रमाणात घेऊन थंड ठेवलेलं. मी नवीन असताना एका केंद्राचा बीओडी महिनोन्महिने ८-९ यायचा. सगळे खूश. नंतर कळलं की नमुने घेणारं यंत्र बंद पडलेलं होतं, आणि रात्रपाळीचा माणूस पहाटे पाचला, पाणी सगळ्यांत पातळ असताना, एक कॅन भरून ठेवायचा. कागदावर कंपोझिट, कॅनमध्ये ग्रॅब. यंत्र दुरुस्त झालं त्या आठवड्यात आकडा २६ वर गेला आणि आम्हालाच विचारणा झाली की अचानक बिघडलं काय.

दोन लहान गोष्टी. ‘आढळले नाही’ म्हणजे शून्य नव्हे, चाचणीच्या मोजू शकणाऱ्या किमान पातळीखाली, एवढंच. आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्मची (विष्ठेतून पाण्यात येणाऱ्या जिवाणूंची) सरासरी बहुधा भौमितिक असते, म्हणजे आकड्यांची बेरीज नव्हे तर गुणाकार करून, जितके नमुने तितकं मूळ काढायचं. चार नमुने १००, १००, १०० आणि १,००,००० आले तर साधी सरासरी २५,०७५ आणि भौमितिक सुमारे ५६२. तक्त्याखाली नुसतं ‘सरासरी’ लिहिलंत तर कोणीतरी कॅल्क्युलेटर घेऊन बसेल आणि केंद्राने आकडे लपवले म्हणून तुमच्याच गटात भांडण लागेल.

तुम्ही प्रश्नासोबत अहवालाचं जे पान लावलंय, त्यात ४२ च्या ओळीत नमुन्याचा प्रकारच कापला गेलाय. उजवीकडचे दोन रकाने येतील असा फोटो पुन्हा टाका, आणि परवान्यातलं मर्यादांचं कोष्टकही. मग ४२ चं नक्की काय ते सांगतो.