कर्ज वीस वर्षांचं, बाबा एकाहत्तरचे

"आजोबांनी उभं केलं, बाबांनी वाढवलं आणि माझ्या हातून बुडालं, असं व्हायला नको." घरच्या धंद्यातली तिसरी पिढी सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसली की हे वाक्य या ना त्या रूपात येतंच. या वेळी धंदा होता स्की रिसॉर्टचा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

डोंगराची एक बाजू, माणसांना खुर्चीत बसवून वर नेणाऱ्या दोन चेअरलिफ्ट, छोटंसं हॉटेल आणि स्की भाड्यानं देण्याचं काउंटर. शाळेत असल्यापासून या घरची मुलगी त्या काउंटरवर लोकांच्या पायात बूट चढवून देत आली होती. आता पस्तिशी ओलांडली, रोजचा कारभार तीच बघते. तक्रार होती झोप लागत नाही, ही. "हंगामात आमच्याकडे कुणालाच लागत नाही," हे तिनंच आधी सांगून टाकलं.

त्यात तथ्य होतं. नैसर्गिक बर्फाच्या भरवशावर हंगाम सुरू करणं आता फारसं कुणाला परवडत नाही. पाण्याचे तुषार हवेत उडवणाऱ्या स्नो गननं बर्फ बनवायचा तर नुसती थंडी पुरत नाही. हवेतला ओलावा हिशोबात धरून मोजलेलं तापमान, म्हणजे वेट-बल्ब, साधारण उणे 2 ते 3 अंशांच्या खाली उतरावं लागतं. ते रात्री दोनला उतरलं तर दोनला उठून पंप सुरू करायचे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा कोरडा गेला तर वर्षाचं गणित कोलमडतं. अशा घरात 'पुढे काय' हा विषय हिवाळ्यात काढायचा नसतो. एप्रिलमध्ये सगळे इतके दमलेले असतात की काढवत नाही. मग उन्हाळा दुरुस्त्यांत जातो. असं करत वीस-पंचवीस वर्षं सहज निघून जातात.

तिची झोप मात्र थंडीमुळे उडाली नव्हती. जुनी लिफ्ट बदलायची होती, खर्च रिसॉर्टच्या कित्येक वर्षांच्या नफ्याएवढा. बँक वीस वर्षांच्या मुदतीनं कर्ज द्यायला तयार होती, पण जामीनदार म्हणून तिचीही सही हवी होती. कागद टेबलावर येऊन पडले होते.

मी विचारलं, "कर्ज फिटेल तेव्हा बाबा किती वर्षांचे असतील?"

"एक्याण्णव." ती हसली. मग बराच वेळ काही बोलली नाही.

रिसॉर्ट तू चालवशील का, हे तिला घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं. प्रश्न आला तो थेट बँकेच्या फॉर्मवर, नाव आणि सही या रकान्यांतून.

पुढच्या भेटीला वडील आले. फोन समोर ठेवून बसले, दर दोन मिनिटांनी तापमानाकडे नजर. "मी तिच्यावर कधी जबरदस्ती केली? सांगू दे तिनं." केली नव्हती, हे खरंच. "माझ्या वडिलांनी मला कुठे विचारलं होतं? हॉस्पिटलमधून फोन केला आणि कुठला पंप आधी सुरू करायचा ते सांगितलं. त्या दिवसापासून रिसॉर्ट माझं."

मुलीवर तशी वेळ येऊ नये म्हणून ते गप्प राहिले होते. तिनं त्या गप्पपणाचा अर्थ लावला होता की बाबांनी सगळं गृहीतच धरलंय. आणि कधीकधी, विशेषतः एखादं काम बिनसलं की, ते आपल्याला त्या लायकीची समजत नाहीत, असाही. दोन्ही अर्थ ती एकाच वेळी बाळगून होती. माणसं बाळगू शकतात.

अशा वेळी मी कागदावर एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळं काढते: कुटुंब, मालकी, व्यवसाय. हार्वर्डच्या रेनॅटो टागियुरी आणि जॉन डेव्हिस यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस मांडलेलं हे चित्र. साधं आहे, पण प्रत्येकानं आपलं नाव कुठे बसतं ते लिहायला घेतलं की भांडणाची जागा लगेच दिसते. मुलगी कुटुंबात आणि व्यवसायात, मालकीत शून्य. परगावी नोकरी करणारा धाकटा भाऊ आजोबांच्या मृत्युपत्रामुळे मालकीत, पण आजवर त्याच्या हाती दमडी आलेली नाही, कारण उरलेला प्रत्येक पैसा पंपांत आणि लिफ्टमध्ये परत जातो. बहिणीला वाटायचं तो आयता मालक आहे. त्याला वाटायचं आपला हिस्सा फुकट वापरला जातोय. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते.

आणि आई? तिचं नाव लिहायला बाप-लेक दोघंही विसरले. सगळा हिशोब आणि बुकिंग सांभाळणारी आई, जिच्या नावावर निम्मे शेअर होते! तिला बोलावलं तेव्हा तिनं पहिलंच वाक्य टाकलं, "लग्नानंतर मी एकही हिवाळा दुसरीकडे कुठे घालवलेला नाही. मला विचाराल तर मी विकायलाही तयार आहे."

खोलीतली हवाच बदलली. 'विकणं' हा शब्द त्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला होता.

वडिलांना विक्री म्हणजे नामुष्की वाटत होती. मोठ्या कंपन्यांचा धसकाही होता. व्हेल रिसॉर्ट्स या अमेरिकी स्की कंपनीनं 2008 मध्ये एपिक पास काढला, पुढे 2018 मध्ये त्याच्या स्पर्धेत आयकॉन पास आला. एका पासवर अनेक डोंगर म्हटल्यावर एकट्या डोंगराचं तिकीट विकायचं कसं? ही चिंता खोटी नाही. पण मी त्यांना अमेरिकेतल्या व्हरमाँटमधली दोन घराणी दाखवली. म्युलर दांपत्यानं 1982 मध्ये ओकीमो हे स्की रिसॉर्ट घेतलं, नावारूपाला आणलं आणि 2018 मध्ये व्हेलला विकलं. त्यांचं काम त्यामुळे पुसलं गेलं नाही. दुसरं बोल्टन व्हॅली. राल्फ डेलॉरियर्स यांनी 1966 मध्ये सुरू केलेलं ते रिसॉर्ट 1990च्या दशकात त्यांच्या हातून गेलं. 2017 मध्ये कुटुंबानं ते परत विकत घेतलं आणि सूत्रं मुलीकडे आली. विकणं आणि चालवणं या दोन्ही वाटांनी शहाणी माणसं गेलेली आहेत, एवढंच मला त्यांच्यापुढे ठेवायचं होतं. कुठली निवडायची, हे सांगणं माझं काम नव्हतं.

अशा घरांना माझा सल्ला थोडा रुक्ष असतो. प्रेमाच्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर बोला, मालकीच्या वकिलासमोर, आणि कोण काय काम करणार हे लेखी ठेवा. तिन्ही एकाच बैठकीत आले की लिफ्टच्या मोटरवरून सुरू झालेलं बोलणं "तू लहानपणापासूनच अशी" इथं जाऊन थांबतं. दुसरं म्हणजे, तारीख उन्हाळ्यातली धरा आणि ती मोडू नका.

त्यांची बैठक जूनमध्ये झाली. नवी लिफ्ट तूर्त नाही, जुनीचे मुख्य भाग बदलायचे. त्यासाठी छोटं कर्ज, पाच वर्षांचं, मुलीच्या जामिनाशिवाय. तेवढी पाच वर्षं मुलगी लेखी करारावर, ठरलेल्या पगारावर कारभार बघणार आणि दरवर्षी तिला काही शेअर मिळणार. पाचव्या उन्हाळ्यात ती 'नाही' म्हणू शकते, आणि म्हटलं तर रिसॉर्ट विक्रीला काढायचं, हे वडिलांनी स्वतःच्या हातानं करारात लिहिलं. भावाचा हिस्सा टप्प्याटप्प्यानं विकत घ्यायचा. त्याची किंमत कशी धरायची, यावर ते अजून अडलेले आहेत. त्याला चांगल्या हंगामाचा आकडा हवा, हिला वाईटाचा.

आईनं मात्र जानेवारीची तिकिटं काढून टाकली आहेत.