बाबांना कॅन्सर आहे. बारा वर्षांच्या मुलीला आई-वडिलांच्या आजारपणाच्या गोष्टी वाचायला द्याव्यात का?

ताई, मिस्टरांची केमो सुरू झाल्यापासून लेक गप्प झाली आहे, आणि अशा गोष्टी वाचून ती आणखी घाबरेल असं सासूबाईंना वाटतं, असं तुम्ही लिहिलंय. मी म्हणेन, द्या. फक्त त्याआधी बाबांना काय झालंय ते आजाराचं नाव घेऊन तिला सांगा. पुस्तक त्यानंतर.

मी आठवीत असताना माझ्या आईला ब्रेस्ट कॅन्सर झाला. घरात तो शब्द कुणी उच्चारला नाही. ‘गाठ होती, काढली’, बस. मला महाल भागात मावशीकडे ठेवलं होतं. नागपूरचा एप्रिल, दुपारभर कूलरची घरघर, आणि त्या आवाजात मोठी माणसं हळू बोलायची. त्यांना वाटायचं मला ऐकू जात नाही. आई ॲडमिट झाली त्याच आठवड्यात मी तिच्याशी डब्यावरून भांडले होते. त्यामुळेच ती आजारी पडली याबद्दल मला शंकाच नव्हती. खरं कारण कुणी सांगितलं नाही की मुलं कारण स्वतःत शोधतात. म्हणून लेकीला हेही स्पष्ट सांगा, की हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि बाबांजवळ बसल्याने तुला होणार नाही.

मावशीच्या कपाटात ‘श्यामची आई’ होतं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक आपण मुलांना संस्कारांसाठी देतो. मी मात्र एकाच जागी अडकून बसले. आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो, शिकायला दूर असतो. आणि मोठेपणी तो हे सगळं रात्री मित्रांना बसवून सांगतो, रडत रडत सांगतो, कुणी त्याला गप्प करत नाही. आईपासून लांब असणारी मी एकटीच नाही, एवढंच मला त्यातून मिळालं. त्या उन्हाळ्यात ते फार होतं.

दुसरं पुस्तक मला फार उशिरा भेटलं. पॅट्रिक नेस यांचं ‘अ मॉन्स्टर कॉल्स’, २०११ चं. कल्पना शिवॉन डाऊड या लेखिकेची. त्या स्वतः कॅन्सरने २००७ मध्ये गेल्या, पुस्तक लिहायचं राहून गेलं, ते नेस यांनी लिहिलं. त्यातल्या कॉनरची आई आजारी आहे. तिने जाऊ नये असं त्याला अगदी मनापासून वाटतं, आणि त्याच वेळी हे एकदाचं संपावं असंही वाटतं. या दुसऱ्या वाटण्यामुळे तो आतून पोखरला जातो. ताई, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. वीस वर्षं मी तो कुणाजवळ बोलले नाही, नवऱ्याजवळही नाही. असलं काही मूल आपल्याला आपणहून सांगणार नाही. पुस्तकातल्या मुलाने आधी सांगितलं, तर निदान मनातल्या मनात ‘हो, मलापण’ म्हणता येतं.

आता रविवारी आमच्या घरी कॉलनीतली मुलं पुस्तकं न्यायला येतात. त्यातल्या एकाच्या बाबांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. त्याने एक पुस्तक दोन महिने परत केलं नाही. आणलं तेव्हा एकाच पानाचा कोपरा दुमडून दुमडून कापडासारखा मऊ झाला होता. ते पान मी वाचलं, त्याला काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी पुस्तकं लावताना तोच म्हणाला, ‘काकू, त्यातला पोरगा बापावर चिडतो ना, ते बरोबर लिवलंय.’ मी ‘हो’ म्हटलं आणि आम्ही पुस्तकं लावत राहिलो.

तुम्हीही तसंच करा. आधी स्वतः वाचा, मग टेबलावर ठेवून द्या. ‘काय शिकलीस?’ हे विचारू नका. अर्ध्यावर सोडलं तर सोडू द्या. सोबत हसवणारी दोन पुस्तकंही असू द्या, कारण घरात आजारपण असलं तरी तिला खिदळावंसं वाटणारच, आणि त्याची तिला लाज वाटू नये.

मात्र जेवणखाण सुटलं, झोप लागेना, शाळेत जायला पार नकार सुरू झाला, तर पुस्तकावर विसंबू नका. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलच्या, मानसोपचार विभागात दाखवा किंवा १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

आणि एक. मिस्टरांना जमत असेल तर रात्री त्यांनाच वाचून दाखवू द्या. केमोनंतर थकवा असतो, तोंड कोरडं पडतं, दोन पानांवर होणार नाही. माझ्या आईलाही दोनच पानं जमायची. तिसऱ्या पानावर ती पुस्तक माझ्या हातात द्यायची आणि मी वाचायचे.