वाचकांचे प्रश्न : ट्रेलर घेऊन डोंगरात

प्रश्न : सलग सुट्ट्यांमध्ये मोटारीमागे मुक्कामाचा ट्रेलर जोडून आम्ही प्रथमच डोंगराळ उद्यानात जाणार आहोत. सपाट रस्त्यांचा सराव आहे. डोंगरात वेगळी काळजी कोणती घ्यावी?

उत्तर : चढाची धास्ती सगळ्यांनाच असते, पण खरी परीक्षा उतारावर होते. टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची शक्ती दर ३०० मीटर उंचीमागे साधारण ३ टक्क्यांनी घटते आणि गाडी मंदावते, एवढेच. उतारावर मात्र ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापून त्यांची पकड कमी होते, म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून वेग इंजिनाच्या आधाराने आवरावा आणि ब्रेक अधूनमधून ठामपणे दाबून सोडावा. जोडणीच्या दांड्यावर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार येईल, असे सामान भरावे. जड सामान मागे कोंबले की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो, आणि तो अनुभव कोणी मुद्दाम घेऊ नये.

सुट्टीत जागा लवकर भरतात. आरक्षण करताना ट्रेलरची लांबी दांड्यासह कळवावी. मुक्कामी पोहोचल्यावर आधी आडवा समतोल साधावा, चाकांना पाचरी लावाव्यात आणि मगच मोटार सोडवावी. पुढचा-मागचा समतोल नंतर जॅकने साधता येतो.

उंचावरची रात्र बरीच थंड असते, तरी ऊब मिळवण्यासाठी गॅसची शेगडी ट्रेलरमध्ये पेटवून ठेवू नये. तिच्यातून निघू शकणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र निघण्यापूर्वीच तपासून घ्यावे.