‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ हा लेखक कोण?

या अंकात फक्त संदर्भसूचीबद्दलचे प्रश्न घेतले आहेत. प्रबंध जमा करायचे दिवस जवळ आले की या विषयावरची पत्रं हमखास वाढतात.

प्रश्न : झोटेरोत (संदर्भ साठवून सूची तयार करणारं सॉफ्टवेअर) ‘व्हँकुव्हर’ ही वैद्यकीय लेखनातली क्रमांकवार संदर्भांची शैली निवडली, तरी गाइडनी सूची परत पाठवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाला लेखक म्हणून ‘ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच’ छापून आलंय. काही शीर्षकांत प्रत्येक शब्द कॅपिटल अक्षराने सुरू होतो. सगळं हाताने सुधारायचं का?
— एम.डी.ची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : हाताने मुळीच नको. वर्डमधल्या सूचीत केलेली दुरुस्ती पुढच्या ‘रिफ्रेश’ला पुसली जाते आणि जुनी चूक परत हजर होते. दुरुस्ती झोटेरोतल्या मूळ नोंदीत करा.

व्हँकुव्हरमध्ये आडनाव पूर्ण लिहितात, बाकीच्या नावांची फक्त आद्याक्षरं, तीही टिंबांशिवाय. संस्थेचं नाव आडनाव आणि नाव अशा दोन चौकटींत विभागून नोंदलं गेलं की ‘ऑर्गनायझेशन’ हे आडनाव ठरतं आणि ‘वर्ल्ड हेल्थ’चं ‘डब्ल्यूएच’ होतं. लेखकाच्या चौकटीशेजारचं छोटं बटण दाबून दोन चौकटींची एक करा आणि तिथे पूर्ण नाव लिहा. एंडनोट हे तशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी संस्थेच्या नावाच्या शेवटी एक स्वल्पविराम टाकावा. हे नाव तोडायचं नाही, हे त्याला तेवढ्याने कळतं.

शीर्षकासाठी झोटेरोत ‘सेंटेन्स केस’चा (वाक्यासारखं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल) पर्याय आहे. तो वापरल्यावर प्रत्येक शीर्षक डोळ्यांनी वाचाच. ‘इंडिया’चा किंवा ‘प्लाझमोडियम’चा पहिला कॅपिटल त्या भरात लहान झालेला असू शकतो.

सूची पुन्हा देण्यापूर्वी एक नोंद अशी ताडून पाहा (वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत, शीर्षकाचा उत्तरार्ध गाळून) :

वॉटसन जेडी, क्रिक एफएच. मॉलिक्युलर स्ट्रक्चर ऑफ न्यूक्लिइक ॲसिड्स. नेचर. १९५३;१७१(४३५६):७३७-८.

वर्ष, अर्धविराम, खंड, कंसात अंक, कोलन, पानं. यांच्यामध्ये कुठेही मोकळी जागा नाही. ‘७३७-७३८’ असं न लिहिता ‘७३७-८’ लिहायचं. लेखक सहापर्यंत असतील तर सगळे द्या. सातवा आला की पहिले सहा आणि मग ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’). गल्लत नेमकी इथेच होते, कारण एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) शैलीत सहाहून जास्त लेखक असले तर फक्त पहिले तीन देतात. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीतल्या ‘साइट’ (संदर्भ द्या) बटणात व्हँकुव्हर हे नाव नाही. तिथे ‘एनएलएम’ (अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय) निवडा, ‘एएमए’ नको. नियतकालिकांची लघुरूपं मनाने करू नका, एनएलएमच्या कॅटलॉगमध्ये पाहा. ‘नेचर’सारखं एकशब्दी नाव तोडत नाहीत. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’चं ‘इंडियन जे मेड रेस’ होतं. त्यात ‘इंडियन’ पूर्णच राहतं, अनेक जण त्याचं ‘इंड’ करतात.

प्रश्न : तक्त्यात वापरलेल्या संदर्भांना क्रमांक कुठले द्यायचे? तक्ते तर शेवटी जोडलेले असतात.
— पीएच.डी. संशोधक, पुणे

उत्तर : तक्ता मजकुरात जिथे पहिल्यांदा उल्लेखला असेल, तिथला क्रम धरा. ‘तक्ता २ पाहा’ या वाक्याआधी शेवटचा संदर्भ १४ असेल, तर फक्त त्या तक्त्यात आलेले संदर्भ १५ पासून सुरू होतील. तक्ते वेगळ्या फाइलमध्ये ठेवले की सॉफ्टवेअर तिथे पुन्हा १ पासून मोजायला लागतं. म्हणून अखेरपर्यंत सगळं एकाच फाइलमध्ये ठेवा, फाइल फोडायची ती सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मूळ लेख मिळाला नाही, पण चार चांगल्या लेखांनी त्याचा संदर्भ दिलाय. तिथून उचलला तर चालेल?
— वैद्यकीय अधिकारी, सावंतवाडी

उत्तर : चालणार नाही. का, ते एका उदाहरणावरून पटेल. जानेवारी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूजन्य वेदनाशामकं दिली होती, त्यांत नीट नोंद असलेली व्यसनाची प्रकरणं चारच आढळली, एवढाच त्याचा आशय. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या ६०८ संदर्भांची छाननी प्रसिद्ध झाली. ४३९ ठिकाणी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं होतं आणि ४९१ ठिकाणी रुग्ण दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. मूळ पत्र वाचायला एक मिनिट पुरतं. ते न वाचता संदर्भ पुढे सरकत राहिले, असं मानायला भरपूर जागा आहे.

मूळ लेख मिळतच नसेल, तर जो तुम्ही खरोखर वाचलाय त्याचा क्रमांक द्या आणि वाक्यातच ‘अमुक लेखात उद्धृत केल्याप्रमाणे’ असं म्हणा. लेख मागे घेतला गेलाय का, हेही पाहा. पबमेडच्या नोंदीत तशी ठळक सूचना असते.

प्रश्न : डीओआयची (लेखाच्या कायमच्या डिजिटल ओळखक्रमांकाची) लिंक उघडत नाही. आकडे बरोबर आहेत.
— ग्रंथपाल, कोल्हापूर

उत्तर : शेवटचं पूर्णविरामाचं टिंब काढून पाहा. सूचीतून कॉपी करताना ते बहुधा सोबत येतं.

प्रश्न : मराठी लेखाचा संदर्भ व्हँकुव्हरमध्ये कसा द्यायचा?
— आयुर्वेद पदव्युत्तर विद्यार्थी, नाशिक

उत्तर : मूळ शीर्षक रोमन लिपीत, त्यापुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अनुवाद आणि पानांच्या आकड्यांनंतर भाषेचं नाव. आपल्याकडच्या तिपेडी नावांत आडनाव शेवटी असतं, तेव्हा ‘मधुरा विजय कुलकर्णी’चं ‘कुलकर्णी एमव्ही’ होईल. मात्र तमिळ नावांना हा हिशेब लावू नका. ‘एस. रामनाथन’मधलं ‘रामनाथन’ हे सहसा आडनाव नसून व्यक्तीचंच नाव असतं आणि ‘एस’ वडिलांच्या नावाचा. सूचीत ‘रामनाथन एस’ असंच येतं, पण एखाद्या लेखात नाव विस्ताराने, उलट्या क्रमाने छापलं असेल तर लेखाचं पहिलं पान आणि पबमेडची नोंद दोन्ही पाहूनच ठरवा.